ऐतिहासिक दीपस्तंभ: नवा कसा उभारावा, जुना कसा पडू द्यावा

तळ्याकाठचा ऐतिहासिक दीपस्तंभ जतन करावा असं तुमच्या मनात आलं, त्याबद्दल आधी अभिनंदन. अडचण एकच, तीही किरकोळ. खानदेशात तळ्याकाठी ऐतिहासिक दीपस्तंभ नाही. तापी समुद्राला मिळते ती पार सुरतेपलीकडे, आणि आपल्या वाट्याच्या तापीत जहाजं चालत नाहीत. तळ्यांचं म्हणाल, तर त्यांतली बरीचशी आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, तळ दाखवायला लागतात. पण वस्तूच नाही म्हणून तिचं संवर्धन अडलं, असं आपल्याकडे कधी ऐकलंय का?

तेव्हा आधी दीपस्तंभ बांधून घ्या. तळ्याच्या बांधावर, पार्किंगला सोयीची पडेल अशी जागा बघा. उंची निधीत बसेल तेवढी ठेवा. अंदाजपत्रकात ‘ऐतिहासिक धर्तीचा’ एवढे दोन शब्द घातले की इतिहासाचं काम तिथेच संपतं. आरसीसीचा गोल खांब, त्यावर तांबडे-पांढरे पट्टे, माथ्यावर फिरता एलईडी आणि पायथ्याशी गावाच्या नावाआधी लाल बदाम असलेली ती मोठाली अक्षरं. हा दिवा नेमकी कोणाला वाट दाखवणार, असं कोणी खवचटपणे विचारलं, तर हंसाच्या तोंडाच्या पायडल बोटींकडे बोट दाखवा. त्यात बसलेल्या जोडप्याला काठ वीस हातांवर दिसतच असतो. पण सुरक्षिततेच्या बाबतीत आपण हयगय करत नाही.

या टप्प्यावर गावातले एखादे निवृत्त गुरुजी उठतात. तालुक्याला एक तरी असे गुरुजी असतातच, शासनाने पुरवल्यासारखे. त्यांना विरोध करू नका, सल्लागार समितीवर घ्या. शाल-श्रीफळ द्या. तरीही ते म्हणतील, “नाना, अमेरिकेत बघा ना, तळ्याकाठचे दीपस्तंभ कसे सांभाळलेत.” तुमच्याकडे उत्तर तयार असावं, म्हणून तिकडच्या एका दीपस्तंभाची कहाणी आधीच सांगून ठेवतो.

अमेरिका आणि कॅनडाच्या मध्ये लेक सुपीरियर नावाचं तळं आहे. तळं म्हणायचं आपलं, कारण जळगाव, धुळे, नंदुरबार हे तिन्ही जिल्हे त्यात तीनदा बुडवता येतील. १९०५ च्या नोव्हेंबरात तिथे मोठं वादळ झालं आणि लोहखनिज वाहणारी जहाजं खडकांवर आपटली. कंपन्यांनी सरकारमागे धोशा लावला आणि १९१० मध्ये मिनेसोटाच्या किनाऱ्यावर, स्प्लिट रॉक नावाच्या कड्यावर दीपस्तंभ पेटला. कडा सव्वाशे फुटांहून उंच, तिथवर रस्ता नाही. म्हणून सगळं सामान बोटीने आणून यारीने वर ओढलं. भिंग पॅरिसहून मागवलं. एवढं अवजड भिंग, पण ते पाऱ्यावर तरंगत अलगद फिरायचं आणि दर दहा सेकंदांनी पाण्यावर झोत टाकायचं. पुढे जहाजांवरच नवी उपकरणं आली आणि १९६९ मध्ये दिवा कायमचा बंद झाला.

इथपर्यंत सगळं रीतसर झालं. यापुढे मात्र त्या लोकांचं गणित चुकलं. दिवा बंद, जहाजांना गरज नाही, जागा अशी देखणी. खाली मंगल कार्यालय आणि वर रूफटॉप हॉटेल, एवढं साधं कोणाला सुचू नये? त्यांनी ती वास्तू राज्याच्या इतिहास संस्थेकडे दिली. संस्थेने ती १९२० च्या दशकात जशी होती तशी करून ठेवली, म्हणजे नवं काही जोडलंच नाही! उद्घाटनाला पाहुण्यांना काय दाखवलं असेल, देव जाणे. आणि दर वर्षी १० नोव्हेंबरला तिथे माणसं जमतात. १९७५ साली त्या तारखेला एडमंड फिट्झगेराल्ड नावाचं जहाज त्याच सरोवरात बुडालं, २९ खलाशी गेले. त्यांची नावं वाचतात, घंटा वाजवतात आणि तो जुना दिवा पुन्हा पेटवतात.

गुरुजींना शांतपणे सांगा, की वर्षातून एकदा पेटणाऱ्या दिव्यावर खर्च करणं आपल्याला परवडणार नाही. एकदाही न पेटणाऱ्या दिव्यांवर आपण आधीच पुरेसा करतो.

गुरुजी एवढ्याने ऐकत नसतात. ते २००० सालचा अमेरिकेचा कायदा काढतील. सरकारला नकोसा झालेला ऐतिहासिक दीपस्तंभ एखाद्या गावाला किंवा ना-नफा संस्थेला फुकट मिळतो. फक्त तो कशासाठी वापरणार आणि सांभाळायला पैसा कुठून आणणार, हे आधी लिहून द्यावं लागतं. घ्यायला कोणी पुढे आलंच नाही, तर लिलाव. आता बघा, फुकट द्यायची वस्तू आणि वर लेखी हिशेब मागायचा! ही अट आपल्याकडे आली, तर निम्म्या संस्था नोंदणीच्या आधीच बरखास्त होतील.

खरी अडचण पुढेच आहे. अमेरिकेवरून परतताना गुरुजी एरंडोल तालुक्यात उतरतात, फरकांडे गावी. तिथले झुलते मनोरे तुम्ही ऐकून असाल. शाळेत सामान्यज्ञानाच्या पुस्तकात एका ओळीत यायचे. एक हलवला की दुसराही हलायचा. ‘हलायचा’ असंच म्हणावं लागतं, कारण जोडीतला एक पडून गेला. याकडे नुकसान म्हणून पाहू नका. दोन मनोऱ्यांच्या देखभालीची चिंता होती, ती निम्म्यावर आली. शिवाय उरलेला हलवला तरी हलायला दुसरा नाही, त्यामुळे उगाच हलवून बघणाऱ्यांचाही त्रास वाचला.

अहमदाबादेत राजबीबीच्या मशिदीचा एक झुलता मनोरा इंग्रजांच्या काळात आतली करामत कळावी म्हणून उतरवला आणि तो पुन्हा जसाच्या तसा बसवता आला नाही, असं सांगतात. इंग्रजांना त्यासाठी साहेब नेमावा लागला, मजूर लावावे लागले. आपण हेच काम बिनखर्चात करतो.

रीत अगदी सोपी आहे. मुख्य म्हणजे काही करायचं नाही. पक्षी भिंतीवर बसतात, त्यांच्या विष्ठेतून पिंपळाचं बी दगडांच्या सांध्यात पडतं. पहिल्या पावसाळ्यात ते रोप चिमटीने उपटून निघतं, तेव्हा तिकडे फिरकू नका. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी त्याला कोयता लागतो; पण तोवर तो पिंपळ झालेला असतो, आणि पिंपळ तोडू नये हे गावात कोणीही सांगेल. मुळं सांध्यात शिरली की दगड आपोआप एकमेकांपासून लांब व्हायला लागतात. केंद्राच्या संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकाम करायचं नाही आणि त्यापुढचे २०० मीटर परवानगीने, असा कायदा आहे. पिंपळ या कायद्यात येत नाही.

यातूनही वास्तू तगून राहिलीच, तर तिची दुरुस्ती करा. हा उपाय जालीम आहे. जुनं काम चुन्यातलं असतं. चुन्याच्या घाण्यात बैल फिरवायचे, चुना दिवसच्या दिवस मळायचा, त्यात गूळ, बेलफळाचा गर, हिरड्याचं पाणी, उडदाचं पीठ, जिथे जे मिळेल ते घालायचं. असा चुना पावसाचं पाणी पितो आणि उन्हात सोडूनही देतो. एवढा वेळ कोणाला आहे? तुम्ही सरळ सिमेंटचा गिलावा मारा. सिमेंट ओल बाहेर जाऊ देत नाही. ती आतच अडकते आणि मऊ विटा-दगड आतून सुटायला लागतात. त्यात आपला मे महिना म्हणजे भुसावळचा पारा पंचेचाळिसावर. चार-पाच पावसाळ्यांत गिलावा पापुद्र्यांसह खाली येतो, येताना जुनी भिंतही घेऊन येतो. तोवर कंत्राटदाराचं बिल निघालेलं असतं आणि अनामतही परत गेलेली असते. देवळापुढच्या दगडी दीपमाळेला हाच न्याय लावायचा असेल, तर ऑइल पेंट वापरा. पिवळा चांगला दिसतो. दिवे लावायच्या हातांवर रंगाचा थर चढला की तेलाची पणती नीट बसत नाही, मग विजेची माळ गुंडाळायला कारण मिळतं.

खाली पडलेल्या दगडांची काळजी करू नका. गाव ती करतं. एखाद्या आप्पांना विचारून बघा, “आप्पा, मनोराना दगड कोठे गयात?” आप्पा तंबाखू चोळत अभिमानाने सांगतील, “आमना गोठाम्हा शेतस ना भो, एकबी वाया गया नही.” एवढं पक्कं जतन कोणत्या संग्रहालयात होत असेल?

गुरुजींचा शेवटचा हुकमी पत्ता म्हणजे चाळीसगावजवळच्या पाटणचा शिलालेख. हा पत्ता जरा जड आहे, म्हणून तयारीत राहा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यादवराजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने पाटणला मठ काढला. शके ११२८ च्या या लेखात ते सगळं नोंदलेलं आहे. गुरुजींना त्यातला संस्कृत भाग आवडतो. मला विचाराल, तर धोकादायक आहे तो शेवटचा, तेव्हाच्या मराठीतला भाग. तिथे भास्कराचार्यांची थोरवी नाही, हिशेब आहे. पाटणच्या बाजारात येणाऱ्या मालावर गिऱ्हाइकाकडून जी जकात राजाला मिळायची, ती मठाला दिली. आणि गावात जेवढे तेलाचे घाणे चालतात, तेवढ्या घाण्यांमागे पळी-पळी तेल. मठ काढला कोणी हे सांगून लेख थांबत नाही. उद्या मठात दिवा लागेल तो कोणाच्या तेलावर, तेही दगडात खोदून ठेवलंय.

हे लोकांनी वाचलं तर घात होईल. आठशे वर्षांपूर्वी या मुलखात देखभालीची तरतूद कोरून ठेवायची चाल होती, हे उघड झालं की आपली कोनशिला उघडी पडते. काळ्या ग्रॅनाइटची ती कोनशिला आठवा. माननीयांची नावं मानाच्या क्रमाने, ज्यांचा मान कमी त्यांची अक्षरं बारीक, खाली ठेकेदार, तारीख आणि ‘शुभहस्ते’. एवढं लिहून झालं की पळीभर तेलालासुद्धा जागा उरत नाही, आणि उरूही देऊ नका. देखभाल हा खर्चच असा आहे की त्याला फीत कापता येत नाही. दर पावसाळ्याआधी वर चढून चार रोपं उपटणाऱ्या माणसाचा कोणी फोटो काढत नाही, आणि त्याची रोजंदारी बसवायला योजनेत रकानाही नसतो. म्हणून हुशार माणसाने रोपाचा पिंपळ होऊ द्यावा, पिंपळाने भिंत पाडू द्यावी आणि मग नव्या वास्तूचा प्रस्ताव पाठवावा. त्याला रकाना आहे.

गुरुजी बोलून दमले की त्यांनाच उद्घाटनाचं प्रास्ताविक करायला सांगा. दहा मिनिटं द्या. माननीय उशिरा येतात, तोवर मंडप धरून ठेवायला कोणी तरी लागतंच.

उद्घाटन मार्गशीर्षात ठेवा. तळ्यात पाणी असतं, बोटी चिखलात बसलेल्या दिसत नाहीत, आणि बामणोदची वांगी बाजारात आलेली असतात. कपाशीच्या पऱ्हाट्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत आणि कळण्याची भाकरी पोटात गेल्यावर दीपस्तंभ कशासाठी, असा प्रश्न कोणताही पाहुणा विचारत नाही. बांधावर पंगत बसवणार असाल, तर पत्रावळी तळ्यात जाणार नाहीत एवढं बघा. निदान फोटो काढून होईपर्यंत.

एकच सांगतो, वीजजोडणीच्या अर्जाच्या नादी लागू नका. अर्ज केला की मीटर येतं, मीटर आलं की महिन्याच्या महिन्याला बिल येतं, आणि ते नगरपालिकेने भरायचं, पाटबंधाऱ्याने भरायचं की बोटीच्या ठेकेदाराने, यावर पत्रव्यवहार सुरू होतो. उद्घाटनापुरता मंडपवाल्याचा जनरेटर पुरतो. त्याला डिझेल अर्धा तासच चालेल इतकं टाकायला सांगा. भाषणं लांबली तर आधी माइक बंद करा, दिवा नको.