कांदा, कांद्याचा रस आणि कांदिवली

बातम्या वाचण्यासाठी एखादे चांगले ॲप मिळावे म्हणून गेले काही महिने मी बरीच ॲप वापरून पाहिली. अपेक्षा एवढीच होती की आपली आवड त्याने हळूहळू ओळखावी आणि दिवसभराच्या ढिगाऱ्यातून तेवढेच वेचून पुढ्यात ठेवावे. आमची शेती निफाड तालुक्यात असल्यामुळे लासलगावचे भाव आणि कांद्याचे निर्यात धोरण हा माझ्या वाचनातला पहिला विषय. ८ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने निर्यातबंदी घातली, ३१ मार्चला संपणारी ती बंदी ऐन मार्चमध्ये बेमुदत लांबवली आणि ४ मे २०२४ रोजी ५५० डॉलर प्रतिटन किमान निर्यातमूल्य व ४० टक्के शुल्क लावून ती उठवली. उन्हाळ कांदा चाळीत भरायचा की लगेच विकायचा, हे अशा एकेका बातमीवर ठरते.

मी वापरत असलेल्या ॲपने, त्याचे नाव घेत नाही, माझा कांदा आठवडाभरात ओळखला आणि मला केसगळतीवर कांद्याच्या रसाचे उपाय दाखवायला सुरुवात केली. त्यातच एका अभिनेत्रीच्या घटस्फोटाची बातमी मी उघडली (चुकून उघडली असे म्हणण्याइतका मी सोवळा नाही) आणि पुढचे पंधरा दिवस लासलगाव दिसेनासे झाले. माझे बोट कुठे थांबले एवढेच त्या ॲपला कळत होते. ते कशासाठी थांबले, हे त्याला सांगण्याची सोयच नव्हती.

याहून बरे प्रयत्न झालेले आहेत. इन्स्टाग्रामचे संस्थापक केविन सिस्ट्रॉम आणि माइक क्रीगर यांनी २०२३ मध्ये आणलेले ‘आर्टिफॅक्ट’ नुसत्या क्लिकवर न विसंबता बातमी किती वेळ वाचली तेही पाहत असे. परंतु बाजारपेठ पुरेशी मोठी नाही असे सांगून जानेवारी २०२४ मध्ये त्यांनी ते बंद करत असल्याचे जाहीर केले. २०११ सालचे ‘झाइट’ही असेच आवड शिकणारे होते, ते ‘फ्लिपबोर्ड’ने २०१४ मध्ये विकत घेतले आणि पुढच्याच वर्षी बंद केले. निवडलेल्या संकेतस्थळांवरचे नवे लेख एका जागी दाखवणारे ‘गूगल रीडर’ १ जुलै २०१३ रोजी बंद झाले, तेव्हा लोकांना आपल्या संकेतस्थळांची यादी उचलून दुसरीकडे नेता आली होती. आवड शिकणाऱ्या ॲपला महिनोन्महिने जे शिकवले, ते मात्र त्याच्याबरोबरच जाते.

म्हणून मला ‘न्यूजब्लर’ या बातम्या वाचण्याच्या ॲपची पद्धत अधिक प्रामाणिक वाटते. तिथे लेखक, विषय, शीर्षकातला शब्द किंवा संकेतस्थळ आवडते की नावडते हे आपणच सांगायचे असते आणि सांगितलेले नंतर बदलताही येते. याच धर्तीवर मी आता एका साध्या आरएसएस ॲपमध्ये (म्हणजे आपण निवडलेल्या संकेतस्थळांवरचे नवे लेख आपोआप आणून देणाऱ्या ॲपमध्ये) शीर्षकातल्या शब्दांचे नियम लावले आहेत. मराठीत त्याची गंमत अशी की ‘कांदा’ हा शब्द दिला तर ‘कांद्याचे भाव’ निसटतात, कारण आपल्याकडे सामान्यरूप आडवे येते. शेवटी नुसते ‘कांद’ एवढेच टाकले. दुसऱ्याच दिवशी लासलगावच्या लिलावाशेजारी कांदिवलीच्या वाहतूक कोंडीची बातमी येऊन बसली. ती का आली हे उघड होते, त्यामुळे ‘कांदिवली’ वगळण्याचा नियम घालायला अर्धे मिनिट पुरले.