"चर्मपत्र जुनं म्हणजे चित्र खरं" – असं नसतं हो

दोन दिवसांपासून एक फॉरवर्ड फिरतोय, की कार्बन डेटिंगमध्ये चर्मपत्र १५व्या शतकातलं निघालं की त्यावरचं चित्रपण मध्ययुगीनच, विषय संपला. अहो, डेटिंग कातड्याचं होतं, रंगाचं नाही!

'स्पॅनिश फोर्जर' नावाने ओळखला जाणारा नकलाकार नेमका हाच खेळ खेळायचा. साधारण १९०० च्या आसपास, बहुतेक पॅरिसमध्ये (स्पॅनिश वगैरे नव्हताच, एक चित्र आधी स्पॅनिश चित्रकाराच्या नावावर खपलं होतं म्हणून ते नाव चिकटलं), चर्चमधल्या जुन्या गाण्याच्या पोथ्यांची खरी पानं घ्यायचा, त्यावरचा मजकूर खरवडायचा आणि वर आपलं चित्र काढायचा, म्हणजे कातडं अस्सल आणि चित्र नवं कोरं. न्यूयॉर्कच्या मॉर्गन लायब्ररीच्या संचालक बेल दा कोस्टा ग्रीन यांनी १९३० मध्ये त्याची बनवाबनवी ओळखली.

पुढे रंग तपासले तर हिरव्यात तांब्यासोबत आर्सेनिक. तसला पहिला हिरवा रंग, शीले नावाच्या रसायनशास्त्रज्ञाचा, १७७५ चा, मग १५व्या शतकात कुठून येणार? क्रोम पिवळा पण सापडलाय, तो तर १९व्या शतकातला. रामन स्पेक्ट्रोस्कोपीने (लेझरचा प्रकाश टाकून रंगातली रसायनं ओळखायची पद्धत) चित्राचा टवकाही न काढता हे कळतं. आणि मशीन नसलं तरी डोळे आहेतच की, त्याच्या बायका सगळ्या गोडगोड चेहऱ्याच्या आणि गळे इतके खोल की धार्मिक पोथीत जरा जास्तच वाटतात.

गंमत म्हणजे आता लोक त्याच्या नकलापण मुद्दाम विकत घेतात, लंडनच्या व्ही अँड ए (व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट) म्युझियममध्येसुद्धा आहेत.