डीफ्रॅगचं सॉफ्टवेअर विकत घ्यायची गरज नाही

‘कॉम्प्युटर स्लो झालाय? दर आठवड्याला डीफ्रॅग करा, दुप्पट वेगाने पळेल’ असा मेसेज सध्या फिरतोय, खाली सॉफ्टवेअरची लिंकही आहे. डीफ्रॅग म्हणजे डिस्कवर विखुरलेले फाइलचे तुकडे सलग लावणं. हा सल्ला २००० सालच्या आसपास ठीक होता. आज बहुतेकांना तो लागू नाही.

जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि वाचणारा हात फाइलच्या तुकड्यामागे धावतो. मिनिटाला ७२०० फेऱ्यांच्या डिस्कवरही दर उडीला साधारण १० मिलिसेकंद जातात. तुकडे सलग लावले की उड्या वाचतात, म्हणून फरक पडायचा. आजच्या बहुतेक कॉम्प्युटरमध्ये एसएसडी असते, म्हणजे चिपवर डेटा ठेवणारी डिस्क. तिच्यात हलणारा भागच नाही. तुकडा कुठेही असो, वाचायला जवळपास तेवढाच वेळ. उलट सगळा डेटा पुन्हापुन्हा लिहिल्याने मर्यादित लेखनक्षमता खर्ची पडते. त्याने डिस्क लगेच मरते म्हणणं, हीही अतिशयोक्तीच. पण हाती काहीच लागत नाही.

विंडोज १० आणि ११ मध्ये सर्चला ‘डीफ्रॅग’ टाइप करा. ‘ऑप्टिमाइझ ड्राइव्हज्’ उघडेल. ‘मीडिया टाइप’च्या रकान्यात ड्राइव्हचा प्रकार दिसतो. विंडोज हार्ड डिस्कला डीफ्रॅग करतं, एसएसडीला मुख्यतः ट्रिम, म्हणजे पुसलेल्या जागांची माहिती देतं. हे आठवड्याला आपोआप होतं. ते बंद करू नका.

पीसीत अजून हार्ड डिस्क असेल तर डीफ्रॅग उपयोगी आहे, पण फुकटातलं पुरतं. आणि खरंच वेग हवा असेल, तर सॉफ्टवेअरचे पैसे एसएसडीत घाला.