दहा रुपयांत सिनेमा? वर्गणी मागणाऱ्या पोरांना विचारा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. थोडक्यात असा: सीमाभागात २० लाख मराठी माणूस आहे, प्रत्येकानं फक्त १० रुपये टाकले की २ कोटी झाले, त्यात आपला स्वतंत्र मराठी सिनेमा होतो. गुजरातच्या शेतकऱ्यांनी दोन-दोन रुपयांत ‘मंथन’ काढला, मग आपण का नाही? पुढे महाराष्ट्र शासनाचं अनुदान आहेच, ओटीटीवाले घेतील, पैसे टाकणाऱ्याला दुप्पट परत. खाली क्यूआर कोड. लिहिणारा तळमळीचा असेलही, पण हिशोब पहिल्याच ओळीत घसरलाय.

आधी ‘मंथन’ घेऊ, कारण मेसेजचा सगळा भार त्यावर आहे. श्याम बेनेगलांचा १९७६ चा हा सिनेमा ५ लाख शेतकऱ्यांच्या दोन-दोन रुपयांतून झाला, हे अगदी खरं. पण ते पैसे मागत कुणी दारोदार फिरलं नव्हतं. हे शेतकरी सहकारी दूधसंघांचे सभासद होते. सकाळ-संध्याकाळ डेअरीवर दूध घालायचं, त्याचं माप आणि रक्कम नावावर चढायची. ‘अमूल’चे व्हर्गिस कुरियन यांच्या सांगण्यावरून त्याच दुधाच्या पैशांतून प्रत्येकानं २ रुपये कमी घेतले. वसुलीला वेगळा खर्च नाही, पावती पुस्तक नाही. शिवाय सिनेमा त्यांच्याच दूधसंस्थेची गोष्ट सांगणारा, त्यामुळे लागला तेव्हा ट्रक भरभरून माणसं बघायला गेली. खेडा जिल्ह्याचा दूधसंघ १९४६ चा. म्हणजे २ रुपये मागायच्या आधी ३० वर्षांचं काम झालेलं होतं.

आपल्याकडे सगळ्या सीमाभागाची अशी वही कुणाकडे आहे? गल्लीतल्या गणपतीची वर्गणी बघा. चार पोरं पुस्तक घेऊन निघतात. पहिलं दार बंद. दुसरीकडे ‘मालक आल्यावर या’. तिसऱ्या घरातल्या काकू गेल्या वर्षीची पावती आतून शोधून आणतात आणि मोजून तेवढेच देतात, वर ‘मागच्या वेळी स्पीकर फार मोठा होता’ हेही ऐकवतात. तरी वर्गणी जमते, कारण खजिनदार कोपऱ्यावरच्या दुकानात रोज भेटतो आणि मांडव डोळ्यांसमोर उभा राहतो. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबऱ्याची साहित्य संमेलनंही गावानं खांद्यावर घेतली म्हणूनच होतात. तिथं कोण कुणाला ओळखतो हे महत्त्वाचं, डोकी किती हे नाही. आणि २० लाखांत पाळण्यातली पोरंही आली. १० हजार जणांनी खरोखर दहा-दहा दिले, तर जमतो १ लाख.

लोकांच्या पैशातून सिनेमा झाल्याचं जवळचं उदाहरण कर्नाटकातच आहे. पवन कुमार यांचा कन्नड ‘लुसिया’, २०१३ चा. निर्माता मिळेना म्हणून त्यांनी थेट प्रेक्षकांकडे पैसे मागितले आणि ५० लाखांच्या आसपास उभे केले. देणारे होते ११०. म्हणजे माणशी सरासरी ४५ हजार! त्याआधी त्यांचा एक सिनेमा येऊन गेला होता, हा माणूस काय करतो ते लोकांनी पाहिलं होतं. मेसेजवाल्यांनी गुजरातेत जायची गरजच नव्हती.

आता अनुदान. महाराष्ट्र शासन मराठी चित्रपटांना दर्जानुसार अनुदान देतं. ‘अ’ दर्जाला ४० लाख, ‘ब’ दर्जाला ३० लाख हे आकडे निर्मात्यांच्या तोंडी असतात. पण ते कधी? सिनेमा पुरा झाला, सेन्सॉरचं प्रमाणपत्र आलं, परीक्षण समितीनं पाहून गुण दिले, त्यानंतर. त्यातून कॅमेऱ्याचं भाडं भागत नाही. तोवर लाइटवाल्याला, जेवणवाल्याला काय सांगणार?

‘दुप्पट परत’ ही ओळ मात्र नुसती भाबडी नाही, धोक्याची आहे. जाहीर मेसेज टाकून लोकांकडून परताव्याच्या बोलीवर पैसे घेणं म्हणजे अनियंत्रित ठेवींवर बंदी घालणाऱ्या २०१९ च्या कायद्याला आमंत्रण. कंपनी काढून भाग (शेअर) द्यायचे म्हटले, तरी निवडक लोकांनाच ते देण्यात, म्हणजे खासगी वाटपात, एका आर्थिक वर्षात २०० माणसांची मर्यादा आहे आणि त्याची जाहिरात करता येत नाही. बुडालेल्या पतसंस्थांच्या पावत्या आपल्याकडे अजून कपाटात आहेत, त्यामुळे याला कुणी ‘तांत्रिक मुद्दा’ म्हणू नये.

परताव्याशिवाय, देणगी म्हणून घेतले तर? घ्या की. पण क्यूआर एका व्यक्तीच्या बचत खात्याचा आहे. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात ५० हजारांच्या वर भेट आली, तर सगळीच रक्कम त्या खातेदाराच्या करपात्र उत्पन्नात धरली जाते. देणाऱ्यालाही देणगीवरची करसवलत नाही.

ओटीटीबद्दल थोडक्यात. ओळखीचा चेहरा नसलेल्या छोट्या सिनेमाला आगाऊ रक्कम क्वचित मिळते. बऱ्याचदा किती मिनिटं पाहिला गेला त्यावर पैसे ठरतात. ते उत्पन्न बजेटात आधीच धरणं म्हणजे बाजारात तुरी.

शेवटी मेसेजमधलं ‘शंका काढणारा मराठीचा नाही’. बरं. ‘श्वास’ ऑस्करसाठी भारताकडून गेला, तेव्हा मराठी माणसानं वर्गणी दिलीच होती. पण सिनेमा तयार होता, सुवर्णकमळ मिळालेलं होतं. फाळक्यांनीसुद्धा ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी वाटाण्याचं रोप उगवताना टिपलं, ती छोटी फिल्म दाखवली आणि मग भांडवल मागितलं.

तेव्हा आधी दहा मिनिटांचं काही चित्रित करा. बेळगावात एखाद्या हॉलमध्ये शंभर ओळखीची माणसं बोलावून दाखवा. त्यांच्याकडे रोख कमी आणि वस्तू जास्त मागा: खानापूरकडचा एखादा वाडा राहायला, टेम्पो, जनरेटर, वडगाव-शहापूरच्या विणकरांकडून साड्या. ४० जणांच्या युनिटला दिवसाला माणशी २०० रुपये जेवणाचे धरले, तर २० दिवसांत १ लाख ६० हजार होतात. दोन-तीन गावांनी आळीपाळीनं जेवण उचललं तर तेवढे वाचले. संहिता, बजेट आणि कुणी काय दिलं याचा हिशोब त्याच ग्रुपवर दर आठवड्याला टाका. मोठ्या पैशासाठी गोव्यात नोव्हेंबरमध्ये एनएफडीसीचा, म्हणजे केंद्र सरकारच्या चित्रपट विकास महामंडळाचा, फिल्म बाजार (आता ‘वेव्हज फिल्म बाजार’) भरतो, तिथं सहनिर्माते शोधणाऱ्या प्रकल्पांचे अर्ज बरेच आधी मागवतात. चोर्ला घाट उतरला की पणजी.