काकांना निळं केलं त्याची गोष्ट

शेजारचे काका काल गल्लीभर सांगत फिरत होते, "पोरगं कंप्युटर शिकलंय, पण जित्या माणसाला निळं करतंय." भजनी मंडळाचा जुना फोटो उजळून द्यायचं काम त्यांनीच माझ्या गळ्यात मारलेलं. अर्थात फुकट.

आधी उबुंटूनं, म्हणजे माझ्या कंप्युटरच्या सिस्टीमनं, पायथॉनची पॅकेजं बसवणाऱ्या पिपला मनाई केली. व्हेन्व्ह, म्हणजे पायथॉनची वेगळी खोली करून त्यात फोटो सुधारणारं ओपनसीव्ही आणि चित्र दाखवणारं मॅटप्लॉटलिब घातलं, तर चित्राची खिडकीच उघडेना. त्यासाठी खिडक्या उघडणारं टीकेइंटर निराळं मागवायचं. ते उतरत असतानाच लाईट गेली, लाईटीबरोबर वायफाय.

शेवटी फोटो उमटला. भगव्या पताका निळ्या, कपाळावरचं कुंकू निळं. काकांनी चष्मा पुसला.

"हे कोण रे?"

"तुम्हीच की."

"मी मेलोय व्हय अजून?"

म्हटलं, काका, ओपनसीव्ही रंग निळा-हिरवा-लाल असे ठेवतं. मॅटप्लॉटलिब त्यांना लाल-हिरवा-निळा समजून दाखवतं.

"उलटे कशाला ठेवायचे?"

"पूर्वीच्या कॅमेरेवाल्यांची तशी पद्धत होती."

"मग आता सुधारायला काय झालं?"

"सगळ्यांचं काम त्यावर बसलंय. हात लावला की सगळं बिघडतंय."

काका खुर्चीत रेलले. "म्हणजे १९५६ सारखंच म्हण की!"

झालं. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्न निघाला. भाषावार प्रांतरचना, महाजन आयोग, २००४ पासूनचा सुप्रीम कोर्टातला दावा, सगळं ओळीनं आलं. रंग सुलटे करायला एक ओळ पुरते, पण काकांचं कोपर कीबोर्डवर.

कोपर हललं, रंग सुधारले. वर 'श्री विठ्ठल भजनी मंडळ' टाकलं, तर नुसते चौकोन.

"इथंही मराठी पाटी पुसली?" काका उठलेच. मी घाईनं तेच कन्नडमधून टाकलं. तिथंही चौकोन.

"मग हरकत नाही," म्हणून बसले.

मला मात्र हरकत आहे. मॅटप्लॉटलिब २००३ पासून आहे, पण त्याच्या मूळ फॉन्टात देवनागरी नाही. बाहेरचा फॉन्ट जोडला तर माझ्याकडच्या आवृत्तीत विठ्ठलाची वेलांटी भलतीकडे, ठ्ठ फुटलेला. आमच्या लिपीचं जिथंतिथं हेच, 'नंतर बघू'. मंडळाचं नाव मी दुसऱ्याच प्रोग्रॅममधून चिकटवलं.

प्रिंट हातात घेऊन काका म्हणाले, "झेरॉक्सवाला पाच मिनिटांत देतो म्हणत होता."

"मग त्याच्याकडं का नाही गेलात?"

"तो पैसे घेतोय की."