फुग्यांशिवायचं डोहाळजेवण: पुण्याच्या ताईंच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू नीट वाचला. दोन तारे दिलेत, पण कारणंही सविस्तर लिहिलीत, म्हणून उत्तरही सविस्तरच देते. इतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते: मार्चमध्ये या ताईंनी आपल्या वहिनींचं डोहाळजेवण गुहागरजवळच्या आमच्या वाडीत केलं. त्यांचं म्हणणं असं की पर्यावरणाच्या नावाखाली आम्ही थाट कमी केला आणि पैसे मात्र पूर्ण घेतले. पाहुण्यांनी आणलेले फुगे आणि पार्टी पॉपर काढून घेतले. थर्माकोलची चंद्रकोर नाही, नावाचा फ्लेक्स नाही, त्यामुळे फोटो साधे आले. बाटल्यांऐवजी विहिरीचं पाणी दिलं. वाढणाऱ्या बायका 'लागेल तेवढंच घ्या' म्हणाल्या, तो पाहुण्यांचा अपमान झाला. ओटीत ब्लाऊजपीसऐवजी साधं सुती कापड दिलं आणि करवंटीतलं तुळशीचं रोप गाडीत कलंडलं.

पाण्याचं आधी सांगते, कारण तो वहिनींच्या तब्येतीचा प्रश्न आहे. गरोदर बाईला विहिरीचं पाणी देतात का, हे तुम्ही काळजीनेच विचारलंत. पिण्याचं पाणी आम्ही आदल्या रात्री गाळून, खळखळून उकळतो आणि माठांत झाकून ठेवतो. वहिनींचं पाणी वेगळ्या तांब्यात होतं आणि तो तांब्या त्यांच्या आईच्या हाती दिला होता. पेले स्टीलचे, गरम पाण्यातून काढलेले. कुणाला विकतचंच पाणी हवं असेल तर आदल्या दिवशी सांगावं, आम्ही वीस लिटरचा जार मागवतो. छोट्या बाटल्या मात्र ठेवत नाही. माणूस दोन घोट पितो, बाटली खाली ठेवतो, मग आपली कुठली ते कळत नाही म्हणून दुसरी उघडतो. कार्यक्रम संपला की अर्ध्या भरलेल्या बाटल्यांचा ढीग उरतो, आणि एप्रिल-मेमध्ये आमच्या गावात लोक टँकरची वाट बघत असतात.

आता फुगे. ही अट बुकिंगच्या वेळी पाठवलेल्या कागदावर सगळ्यांत वर आहे, आणि फुगे आम्ही फोडले नाहीत, पिशवीत भरून निघताना तुमच्या हाती दिले. तरीही ज्या मुलांच्या हातातून ते घेतले त्यांचा हिरमोड झाला, हे मीही पाहिलं. इतकं कडक का वागतो ते सांगते.

आमची वाडी संपली की सुरूचं बन आणि पलीकडे पुळण, म्हणजे समुद्रकाठची वाळू. दिवसा वारा समुद्रावरून येतो. रात्री तो फिरतो आणि मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहू लागतो. संध्याकाळी सुरूच्या फांदीत अडकलेला फुगा सकाळी पुळणीवर सापडतो, नाहीतर सापडतच नाही. याच किनाऱ्यावर थंडीपासून मार्चपर्यंत ऑलिव्ह रिडले कासवाच्या माद्या अंडी घालायला येतात. एकेका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात. तुमचा कार्यक्रम झाला त्याच दिवसांत पिल्लं वाळूतून वर येऊन पाण्याकडे निघतात. रत्नागिरी जिल्ह्यातल्याच वेळास गावात २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने घरटी राखायला सुरुवात केली आणि हळूहळू ते काम किनाऱ्यावरच्या इतर गावांतही पोचलं. आज वनखात्याबरोबर गावचे कासवमित्र अंधार असतानाच पुळण चालून काढतात, घरटं शोधतात आणि अंडी कुंपणाच्या आत नेऊन पुन्हा वाळूत पुरतात. फुटलेला फुगा पाण्यावर तरंगत असतो तेव्हा कासवाला तो जेलीफिश वाटतो आणि ते गिळतं. रबरी फुगे 'कुजणारे' म्हणून विकतात, पण समुद्रात ते महिनोन्महिने तसेच राहतात. चमकणारे फॉइलचे तर कुजतच नाहीत. आणि पार्टी पॉपरमधली चमकी सारवलेल्या अंगणात इतकी रुतते की झाडूने निघत नाही, वेचावी लागते. त्याआधी कोंबड्या टिपायला येतात.

थर्माकोलबद्दल मला फार बोलायचं नाही. महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने थर्माकोलची ताटं-वाट्या बंद झाल्या आणि १ जुलै २०२२ पासून सजावटीच्या थर्माकोलवर देशभर बंदी आहे. बाजारात अजून मिळतं म्हणून लोकांना वाटतं की चालतं. आमच्याकडे कुणी कितीही पैसे दिले तरी ते येणार नाही.

फोटोंबद्दल मात्र मला मनापासून वाईट वाटलं, कारण वहिनींच्या अंगावर जे होतं ते तुम्हाला 'साधं' दिसलं. बाजारातले तयार 'फुलांचे दागिने' एकदा उलटे करून बघा. फोमचा तुकडा, तार, टिकल्या, गरम गोंद आणि कापडी फुलं. वहिनींचे बाजूबंद, कमरपट्टा आणि मुकुट आमच्या वाडीतल्या दोन बायकांनी त्याच सकाळी केले. मुकुटाचा साचा पोफळीच्या विरीचा, म्हणजे सुपारीच्या झावळीच्या बुडाशी असलेल्या रुंद पापुद्र्याचा होता. विरी रात्रभर भिजवली की मऊ होते, मग हवी तशी वळते आणि सुकली की तो आकार धरून ठेवते. त्यावर मोगऱ्याच्या मिटलेल्या कळ्या आणि अबोली, केळीच्या वाखात, म्हणजे सोपटाच्या दोऱ्यात गुंफलेल्या. कळी मिटलेलीच घ्यावी लागते, म्हणजे ती दागिन्यात उमलते. तुमच्या फोटोंच्या क्रमातच ते दिसेल: ओटीच्या वेळी कळ्या आहेत, झोपाळ्यावरच्या फोटोत फुलं आहेत. वहिनी झोपाळ्यावर बसल्या तेव्हा अंगणभर जो वास सुटला होता, तो फोटोत येत नाही हे खरं. पण वहिनींना तो आला, आणि सोहळा त्यांचा होता. नावाचा फ्लेक्स नव्हता, नाव रांगोळीत काढलं होतं. तो फोटो तुमच्याकडे नसेल तर आमच्याकडे आहे, पाठवते.

'हा सगळा झाडपाला फुकटचा, मग पैसे कशाचे?' असंही तुम्ही लिहिलंत. ताई, केळीचं पान फुकट नसतं. केळीची पानं भारंभार काढली तर घड बारीक धरतो, म्हणून शेजारच्या वाड्यांतून थोडीथोडी विकत घेतो आणि आमच्या पानांसाठी वेगळ्या केळी राखतो. पान विस्तवावरून फिरवून शेकावं लागतं, म्हणजे ते मऊ होतं आणि पटकन चिरत नाही. फुलं गुंफणं, माडाच्या झावळ्यांचे झाप विणणं, पितळी आणि स्टीलची भांडी घासणं हे सगळं गावातल्या बायकांच्या हातचं काम आहे आणि त्याची मजुरी त्याच दिवशी दिली जाते. थर्माकोलची चंद्रकोर भाड्याने आणून उभी करणं आम्हाला स्वस्त पडलं असतं. तुमच्या पैशांतला मोठा वाटा इथल्या माणसांच्या हाती गेला, आणि ते मला अभिमानाने सांगावंसं वाटतं.

जेवणावरून जो राग आला, तिथे आपला विचार वेगळा आहे. आमच्याकडे पहिल्या वाढीला सगळं थोडंथोडंच येतं आणि मग वाढणाऱ्या पुन्हा पुन्हा फिरतात. त्या दिवशी ओल्या काजूगरांची उसळ, कुयरीची म्हणजे कोवळ्या फणसाची भाजी, अळूचं फदफदं, मसालेभात, नारळीभात, सोलकढी असं बरंच होतं. पहिल्याच वाढीला पान भरलं की माणूस नारळीभातापर्यंत पोचत नाही. 'लागेल तेवढंच घ्या' याचा अर्थ 'कमी जेवा' असा नव्हता, कुणी मागितलं आणि मिळालं नाही असं झालं नाही. भांड्यात उरलेलं अन्न दुसऱ्या कुणाच्या पोटात जातं, पानात उरलेलं खड्ड्यात जातं. तुमच्या कार्यक्रमात भांड्यात उरलेला भात आणि उसळ तुमच्या आईंना विचारूनच आमच्या कामाच्या माणसांच्या घरी गेली. आग्रह आम्ही एकाच पानाला केला, वहिनींच्या. त्यांना आंबट हवं होतं, त्यांनी मेथांबा तीनदा मागून घेतला.

कचऱ्याचा हिशोबही सांगते, कारण आमच्या गावात रोज दारात येणारी घंटागाडी नाही. जे उरतं ते कुणीतरी वाडीत जाळतं, नाहीतर पहिल्या पावसात पऱ्ह्यातून, म्हणजे ओढ्यातून खाडीत आणि खाडीतून समुद्रात जातं, आणि उधाणाला समुद्र तेच पुळणीवर आणून टाकतो. तुमच्या कार्यक्रमाची पानं आणि खरकटं खताच्या खड्ड्यात गेलं, फुलं माडाच्या आळ्यात. उरल्या त्या दुधाच्या पिशव्या आणि पेढ्यांच्या खोक्यांवरचं प्लास्टिक. पिशव्या धुऊन भंगारवाल्याला दिल्या. खोक्यांवरच्या प्लास्टिकला अजून वाट सापडलेली नाही, म्हणून पुढच्या कार्यक्रमापासून पेढे-बर्फी आपल्या डब्यातच आणा, असं कागदावर लिहिणार आहे.

ओटीचं कापड. ब्लाऊजपीस आपण सगळ्याच जणी घेतो, कपाटात ठेवतो आणि पुढच्या हळदीकुंकवाला दुसरीच्या ओटीत घालतो. शिवत कुणीच नाही, कारण कापड धड नसतं. आम्ही दिलं ते धुवट, मऊ सुती कापड होतं, दुपटं किंवा झबलं होईल इतक्या मापाचं. नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी, पाच फळं, हिरव्या बांगड्या यात काही बदललं नाही, आणि बदलणारही नाही. तुमच्या घरच्या रीतीप्रमाणे खणच हवा असेल तर घरून आणावा, त्याच ओटीत आम्ही तो मानाने घालू. हे आम्ही कुणालाही नाकारत नाही.

रोपाचं सोपं आहे. घरचं कुणी पावसाआधी इकडे येणार असेल तर निरोप द्या, दुसरं रोप मातीसकट डब्यात बसवून देते, म्हणजे घाटात कलंडणार नाही. वहिनींना उसळ आवडली होती, त्यांच्यासाठी सुके काजूगर वेगळे काढून ठेवलेत. रात्रभर भिजवून, साल काढून मग उसळ करायची. तेही रोपाबरोबरच देते.