रोमुलो अमेरिकेचे होयबा नव्हते

फिलिपिन्सचे पत्रकार आणि मुत्सद्दी कार्लोस रोमुलो यांचा विषय निघाला की एक शेरा ठरलेला असतो: अमेरिकन सेनापती मॅकआर्थरच्या मागून पाण्यातून चालत आलेला तो बुटका माणूस, जन्मभर अमेरिका सांगेल तेच बोलला. पत्रकारितेचं पुलित्झर पारितोषिक अमेरिकेचं, अंगावरचा गणवेश अमेरिकेचा, संयुक्त राष्ट्रांतलं मतही अमेरिकेचंच, असा हिशेब मांडला जातो. मला हा हिशेब मान्य नाही.

आधी पुलित्झर. १९४२ चं हे पारितोषिक त्यांना ज्या लेखमालेसाठी मिळालं, तिच्यासाठी ते युद्ध पेटण्यापूर्वी हाँगकाँगपासून बटाव्हियापर्यंत (आजचं जकार्ता) वसाहती पालथ्या घालत फिरले होते. गोऱ्या साहेबाबद्दल तिथल्या माणसांच्या मनात काय खदखदतंय, हे त्यांनी टिपलं. हुजऱ्या असले लेख लिहीत नाही.

गणवेशाचं म्हणाल, तर २० ऑक्टोबर १९४४ ला मॅकआर्थरसोबत लेटे बेटाचा जो किनारा त्यांनी गाठला, तो त्यांच्याच देशाचा होता. बायको आणि चार मुलगे जपानी अंमलाखाली मागे राहिलेले. अशा माणसाला कुणाचा शेपूट म्हणताना जीभ अडखळायला हवी.

आता संयुक्त राष्ट्रं. १९४५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सनद लिहिली जात होती, तेव्हा फिलिपिन्स अजून अमेरिकेच्याच ताब्यात होता. स्वातंत्र्य मिळालं ४ जुलै १९४६ ला. विश्वस्त प्रदेशांच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली दुसऱ्या देशाने चालवायच्या प्रदेशांच्या, कलमात नुसतं ‘स्वशासन’ म्हणावं, असा बड्या सत्तांचा कल. रोमुलो अडून बसले: ‘स्वातंत्र्य’ हा शब्द हवा. त्यांच्या बाजूने आणखीही देश होते, श्रेय एकट्याचं नाही. पण ७६ वं कलम आज उघडून पाहा, ‘स्वशासन किंवा स्वातंत्र्य’ असं लिहिलेलं आहे. ज्याच्या स्वतःच्या देशावर परका झेंडा फडकतोय, त्याने त्याच झेंडेवाल्यांसमोर हा शब्द मागायचा, याला काय छाती लागत असेल!

मग नोव्हेंबर १९४७. पॅलेस्टाइनच्या फाळणीवर आमसभेत ते ठरावाच्या विरोधात बोलले. अमेरिकेला ठराव मंजूर हवा होता. वॉशिंग्टनहून मनिलावर दबाव आला, राष्ट्राध्यक्ष रोहास नमले आणि २९ तारखेला फिलिपिन्सचं मत ठरावाच्या बाजूने पडलं. ‘अमेरिकेच्या बाजूचं मत’ म्हणून बोट दाखवायचं तर हे मत चांगलं उदाहरण आहे; फक्त ते सरकारचं होतं. रोमुलोंचं म्हणणं त्यांच्या भाषणात आहे.

जानेवारी १९४९ मध्ये नेहरूंनी इंडोनेशियाच्या स्वातंत्र्यासाठी दिल्लीत परिषद बोलावली. डचांच्या विरोधात उभं राहायला रोमुलोही आले होते. त्याच वर्षी ते आमसभेचे अध्यक्ष झाले. पुढे १९६२ ते १९६८ फिलिपिन्स विद्यापीठाची धुरा त्यांच्याकडे होती, आणि तिथलं आशियाई अभ्यासाचं ‘एशियन सेंटर’ उभं राहिलं ते १९६८ मध्येच.

ते साम्यवादाचे कट्टर विरोधक होते, अमेरिकेशी मैत्री हवी असं उघड म्हणत. बांडुंगच्या आशियाई-आफ्रिकी देशांच्या परिषदेतही १९५५ मध्ये त्यांनी ते लपवलं नाही. त्याच भाषणात त्यांनी वंशवादावरही कोरडे ओढले. मत जुळणं वेगळं आणि हुकूम पाळणं वेगळं.

खरा जाब विचारायचा असेल तर तो राष्ट्राध्यक्ष मार्कोसच्या काळाचा विचारा. १९७२ मध्ये लष्करी कायदा लागू झाला, तरी रोमुलो १९८४ पर्यंत परराष्ट्रमंत्रिपदावर राहिले. तुरुंग भरले जात असताना ते खुर्ची सोडून उठले नाहीत. त्यांच्याबद्दल एवढा आदर असूनही मला याचं समर्थन करता येत नाही.